'पनिश' हे इंग्रजी क्रियापद अचूक कसे वापरावे

मराठीत शिक्षा करतात, देतात, ठोठावतात, सुनावतात, भोगतात आणि माफही करतात. या सगळ्या प्रयोगांत 'शिक्षा' हे नाम जागच्या जागी असते आणि पुढचे क्रियापद तेवढे बदलते. इंग्रजीतील 'पनिश' हे मात्र स्वतःच क्रियापद आहे. शिक्षेचा सगळा अर्थ त्याच्या पोटातच असल्यामुळे त्याला शेजारी आणखी एखादे 'करणे' किंवा 'देणे' लागत नाही. मराठी माणसाकडून या शब्दाच्या वापरात ज्या चुका होतात, त्या अर्थ न कळल्यामुळे क्वचितच होतात. अर्थ शाळेपासून ठाऊक असतो. चुकते ती वाक्याची बांधणी, आणि त्याहून अधिक वेळा चुकते ती निवड, म्हणजे जिथे 'पनिश' नकोच होते तिथे ते हमखास येऊन बसते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर यातले बहुतेक प्रश्न सुटतात. 'पनिश' हे क्रियापद प्रामुख्याने शिक्षा कोणाला झाली आणि कशाबद्दल झाली, हे सांगते. ती किती झाली, हे सांगण्यासाठी इंग्रजीने वेगळी क्रियापदे राखून ठेवली आहेत. मराठीतला 'शिक्षा' हा शब्द 'खोटे बोलल्याबद्दल शिक्षा' आणि 'तीन वर्षांची शिक्षा' अशा दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजपणे चालतो, त्यामुळे आपल्याला हा भेद जाणवत नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र लेखणी उचलण्यापूर्वीच स्वतःला विचारावे की, आपल्याला 'का' सांगायचे आहे की 'किती'.

अर्थाची मर्यादा

चूक, नियमभंग किंवा गुन्हा केल्याबद्दल एखाद्याला मुद्दाम त्रासदायक परिणाम भोगायला लावणे, असा 'पनिश'चा अर्थ सांगता येईल. ही व्याख्या ढोबळ आहे, पण तिच्यातला प्रत्येक घटक महत्त्वाचा आहे. कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1959 मध्ये शिक्षेच्या संकल्पनेची फोड करताना पाच घटक मांडले होते. शिक्षेत वेदना किंवा अन्य अप्रिय परिणाम असावा लागतो, तो कायद्याच्या नियमाविरुद्ध घडलेल्या गुन्ह्याबद्दल असावा लागतो, तो खऱ्या किंवा मानलेल्या गुन्हेगारावर यावा लागतो, तो दुसऱ्या माणसांनी हेतुपुरस्सर आणलेला असावा लागतो आणि तो आणणाऱ्याकडे तसा अधिकार असावा लागतो. हार्ट यांचा विचार कायद्यातील शिक्षेच्या मूळ रूपाबद्दलचा होता. 'कायद्याचा नियम' या जागी 'घरातला, वर्गातला किंवा कामाच्या ठिकाणचा नियम' असे वाचले, तर रोजच्या भाषेत हा शब्द शोभतो की नाही, हे तपासायलाही हे घटक चांगले उपयोगी पडतात.

उदाहरणार्थ, तापलेल्या भांड्याला हात लावून मूल भाजले, तर त्याला वेदना झाली, पण ती कोणी मुद्दाम दिलेली नाही. म्हणून तिथे 'पनिश' येत नाही. डॉक्टरांनी टोचलेली सुई दुखते आणि ती हेतुपुरस्सर टोचलेली असते, पण मागे अपराध नसतो, म्हणून तिथेही हा शब्द गैरलागू ठरतो. शेजाऱ्याने आपल्या झाडाची फांदी तोडली म्हणून आपण त्याचे कुंपण मोडले, तर अपराध आहे, हेतू आहे, त्रासही आहे, पण अधिकार नाही. अशा वेळी इंग्रजीत 'रिटॅलिएट' किंवा 'टेक रिव्हेंज' म्हणतात. मराठीत आपण सूड घेणे आणि शिक्षा करणे यांत जे अंतर ठेवतो, तेच हे अंतर आहे. हार्ट यांच्या व्याख्येतला 'मानलेल्या' हा शब्दही विसरू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली तरी संन्याशाला शिक्षा झालीच, आणि म्हणून 'अॅन इनोसंट मॅन वॉज पनिश्ड' हे वाक्य पूर्णपणे बरोबर आहे. 'पनिश' हे क्रियापद अपराध खरोखर घडला होता याची ग्वाही देत नाही. शिक्षा करणाऱ्याने तो धरून चालला होता, एवढेच ते सांगते.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'पीना' या नामात आहे. दंड, भरपाई, शिक्षा असा त्याचा अर्थ होता आणि त्यामागे रक्तपाताची भरपाई या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. 'पनिश' इंग्रजीत फ्रेंचमार्गे आले. याच घराण्यातले इतर शब्द आपण रोज ऐकतो: फुटबॉलमधली 'पेनल्टी', कायद्यातला 'पीनल', साक्षीदाराला न्यायालयात बोलावणारे 'सबपीना', आणि 'पेन' म्हणजे वेदना. 'इम्प्युनिटी' हाही त्यातलाच. शिक्षेची भीती नसणे हा त्याचा अर्थ, आणि 'विथ इम्प्युनिटी' म्हणजे कोणाचाही धाक न बाळगता, बेधडक.

उच्चाराविषयी थोडक्यात सांगायचे तर जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि ते अक्षर 'पण' या शब्दातल्या 'प'सारखे असते. स्पेलिंगमध्ये यू दिसतो म्हणून 'पुनिश' म्हणू नये. स्पेलिंगमध्ये एन एकच आहे. भूतकाळी रूप आपण 'पनिश्ड' असे लिहीत असलो, तरी त्याचा शेवटचा ध्वनी 'ड' नसून 'ट' आहे, म्हणजे तोंडातून 'पनिश्ट' असा उच्चार यायला हवा. 'ही', 'शी' यांच्यापुढचे वर्तमानकाळी रूप 'पनिशेस' असे तीन अक्षरांचे होते.

वाक्याची बांधणी

'पनिश' सकर्मक आहे आणि त्याचे कर्म त्याला थेट चिकटते. मराठीत आपण 'मुलाला शिक्षा केली' म्हणतो, आणि त्या 'ला'ची सवय इंग्रजीत 'टु' होऊन डोकावते. 'द टीचर पनिश्ड टु द बॉय' हे वाक्य त्यातूनच जन्माला येते आणि ते चूक आहे. 'द टीचर पनिश्ड द बॉय' एवढेच हवे. मधे काहीही येत नाही.

कारण सांगण्यासाठी 'फॉर' येतो आणि त्यापुढे नाम किंवा क्रियापदाचे 'इंग' लागलेले रूप येते. 'शी वॉज पनिश्ड फॉर लाइंग' म्हणजे खोटे बोलल्याबद्दल तिला शिक्षा झाली. मराठीतल्या 'बद्दल'ची जागा हा 'फॉर' इतकी नेमकी भरून काढतो की, इथे अनुवाद करताना अडखळायचे कारण नाही. 'बिकॉज ऑफ' वापरले तर वाक्य व्याकरणात बसते, पण त्यात अपराध आणि शिक्षा यांचे नाते सैल होते. पावसामुळे सामना रद्द झाला, या धर्तीचा तो कार्यकारणभाव वाटतो. शिक्षा ज्या कृत्याबद्दल झाली ते कृत्य सांगायचे असेल, तर 'फॉर'च वापरावा. मात्र दोषी ठरवणे आणि आरोप करणे या अर्थांच्या शब्दांपुढे 'ऑफ' येतो: 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट', 'कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट', 'गिल्टी ऑफ थेफ्ट', पण 'पनिश्ड फॉर थेफ्ट'. हे चारही प्रयोग एकत्र पाठ केलेले बरे, कारण बातमीत ते एकापाठोपाठ येतात.

शिक्षा कोणत्या प्रकारे केली ते सांगण्याचे दोन मार्ग आहेत. कृती सांगायची असेल तर 'बाय' आणि 'इंग' रूप येते: 'दे पनिश्ड हिम बाय टेकिंग अवे हिज फोन'. नामाने सांगायची असेल तर 'विथ' येतो: 'दे पनिश्ड हिम विथ सायलेन्स', म्हणजे अबोला धरून त्याला शिक्षा केली. कर्मणी प्रयोगात मात्र 'बाय'कडे थोडे लक्ष द्यावे, कारण तिथे त्याच्यापुढे शिक्षा करणाराही येऊ शकतो. 'ही वॉज पनिश्ड बाय हिज फादर' यात वडील शिक्षा करणारे आहेत आणि 'ही वॉज पनिश्ड बाय बीइंग सेंट टु बेड अर्ली' यात शिक्षेचा प्रकार आहे. दोन्ही एकाच वाक्यात आणले तर वाचणारा गोंधळतो. अशा वेळी कर्तरी प्रयोग करावा.

कर्मणी प्रयोग या क्रियापदाला एरवी फार मानवतो, कारण शिक्षा कोणी केली हे पुष्कळदा गृहीत असते किंवा महत्त्वाचे नसते. बोलण्यात 'बी'च्या जागी 'गेट' येतो: 'यू विल गेट पनिश्ड'. इथे शेवटचा 'ट' ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना 'गेट पनिश' असे लिहिले जाते. ती चूक टाळावी.

आता सर्वांत जास्त चकवणारी जागा. मराठीत 'बाईंनी त्याला बाहेर उभे राहण्याची शिक्षा केली' असे वाक्य अगदी सरळ आहे. ते जसेच्या तसे इंग्रजीत आणले की 'द टीचर पनिश्ड हिम टु स्टँड आउटसाइड' असे होते, आणि हे वाक्य इंग्रजीत उभे राहत नाही. 'पनिश'पुढे 'टु' आणि क्रियापद अशी रचना शिक्षेचा प्रकार सांगण्यासाठी येत नाही. ती आली तर वाचणारा तिचा अर्थ हेतू असा लावू पाहतो, जसे 'दे पनिश्ड हिम टु सेट अॅन एक्झाम्पल', म्हणजे इतरांना धडा मिळावा म्हणून त्याला शिक्षा केली. 'बाहेर उभे राहण्याची' हा प्रकार आहे, हेतू नाही, म्हणून वाक्य फिरवावे लागते. 'द टीचर मेड हिम स्टँड आउटसाइड अॅज अ पनिश्मेंट' हे सर्वांत नैसर्गिक आहे, आणि क्रियापदच हवे असेल तर 'द टीचर पनिश्ड हिम बाय मेकिंग हिम स्टँड आउटसाइड' असे म्हणता येते. मला पहिले अधिक आवडते, कारण त्यात काय घडले ते आधी येते आणि ते शिक्षा म्हणून घडले हे नंतर.

अपराध हेच कर्म झाले, असेही चालते. 'द लॉ पनिशेस फ्रॉड' म्हणजे कायद्यात फसवणुकीला शिक्षा आहे. हा प्रयोग औपचारिक लेखनात शोभतो. घरात मुलाला उद्देशून कोणी असे बोलत नाही.

'किती' सांगायचे असेल तेव्हा

'त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली' याचे 'ही वॉज पनिश्ड फॉर फाइव्ह इयर्स' असे भाषांतर वारंवार वाचायला मिळते. त्यात काय बिघडते ते नीट पाहण्यासारखे आहे. 'पनिश्ड' या शब्दानंतर 'फॉर' आला की इंग्रजी वाचकाचे मन कारणाची वाट पाहते. पुढे कारणाऐवजी काळ येतो, आणि मग अर्थ असा निघतो की, पाच वर्षे कोणीतरी त्याला सतत शिक्षा करत होते. न्यायालयाने एकदा निकाल देऊन पाच वर्षांची मुदत ठरवली, हा अर्थ त्या वाक्यातून निघतच नाही.

त्यासाठी 'सेंटेन्स' हे क्रियापद आहे. ते न्यायालयाचे क्रियापद आहे आणि त्याच्यापुढे 'टु' येऊन लगेच शिक्षेचे माप येते: 'ही वॉज सेंटेन्स्ड टु फाइव्ह इयर्स इन प्रिझन'. 'सेंटेन्स्ड टु डेथ', 'सेंटेन्स्ड टु लाइफ इम्प्रिझनमेंट' हेही याच साच्यातले. मराठीत शिक्षा ठोठावणे किंवा सुनावणे असे जिथे म्हणतो, तिथे बहुतेक वेळा हेच हवे असते. शिक्षा भोगणे म्हणजे 'सर्व्ह अ सेंटेन्स', आणि तिथेही 'पनिश्मेंट' हा शब्द सहसा येत नाही.

रक्कम सांगायची असेल तर 'फाइन'. या क्रियापदाची एक सोय अशी की, माणूस आणि रक्कम ही दोन्ही कर्मे त्याला एकापुढे एक लागतात: 'दे फाइन्ड हर अ हंड्रेड डॉलर्स फॉर स्पीडिंग'. मध्ये कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही आणि शेवटी कारणाचा 'फॉर' येतो.

याला एक अपवाद वाटावा असा प्रयोग कायद्याच्या भाषेत आहे, आणि तो समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर कायद्याचे कलम वाचून वरचा नियमच खोटा वाटेल. 1860 च्या इंडियन पीनल कोडमधील चोरीचे 379 वे कलम 'शॅल बी पनिश्ड विथ इम्प्रिझनमेंट' असे म्हणून पुढे तीन वर्षांपर्यंतची मुदत, किंवा दंड, किंवा दोन्ही, असे सांगते. त्या कोडच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही 'शॅल बी पनिश्ड विथ' हाच साचा कायम ठेवला आहे. म्हणजे इथे 'पनिश'बरोबर माप आले. पण ते 'विथ'मधून आले, आणि ते एखाद्या विशिष्ट माणसाला मिळालेल्या शिक्षेचे माप नसून कायद्याने आखलेली कमाल मर्यादा आहे. कायदा कोणाला तरी नव्हे तर असे कृत्य करणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून बोलतो. तोच कायदा लावून न्यायाधीश समोर उभ्या असलेल्या आरोपीविषयी निर्णय देतात, तेव्हा क्रियापद 'सेंटेन्स' होते. याच कुळातले विशेषण 'पनिशेबल' म्हणजे शिक्षापात्र, आणि त्याच्यापुढे 'बाय' किंवा 'विथ' येतो. भारतीय कायद्यांत 'विथ' अधिक आढळतो, इतरत्र 'बाय' अधिक.

शेजारचे शब्द

'पेनलाइज' आणि 'पनिश' एकाच मुळाचे असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. 'पनिश'मध्ये नैतिक दोष गृहीत असतो. 'पेनलाइज'मध्ये नियमाने आलेला तोटा असतो. खेळाडूने नियम मोडला, कर उशिरा भरला, उत्तरपत्रिकेत शब्दमर्यादा ओलांडली, तर 'पेनलाइज्ड' म्हणतात. एवढेच नव्हे, तर काहीही चूक नसताना कोणाचे नुकसान होत असेल तरीही हाच शब्द येतो: 'स्टूडंट्स शुड नॉट बी पेनलाइज्ड फॉर बीइंग इल'. आजारी पडणे हा अपराध नाही, हे इथे सर्वांनाच मान्य आहे. याच जागी 'पनिश्ड' लिहिले तर वाक्य अधिक संतप्त होते, जणू आजारी पडणे हा गुन्हाच धरला जात आहे. कधी तो संताप हवाच असतो. तो हवा आहे की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे.

'डिसिप्लिन' हे संस्थेचे क्रियापद आहे. कर्मचारी, सैनिक, संघातला खेळाडू यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली की ते वापरतात, आणि त्यात शिक्षेबरोबरच वळण लावण्याची कल्पनाही असते. 'चास्टाइज' हे पूर्वी मारण्याच्या अर्थानेही येत असे. आज त्याचा रोख मुख्यतः कडक शब्दांत कानउघाडणी करण्याकडे आहे. 'कॅस्टिगेट' हे त्याचेच अधिक पुस्तकी भावंड. दोघांचे मूळ लॅटिनमधल्या एकाच क्रियापदात आहे. 'कॅस्टिगेट' म्हणजे जाहीरपणे झोडपून काढणे, अर्थात शब्दांनी. या दोहोंत तुरुंगवास, दंड किंवा अन्य कोणतीही बंधनकारक शिक्षा नसते, म्हणून 'न्यायालयाने आरोपीला कॅस्टिगेट केले' याचा अर्थ न्यायालयाने त्याला फैलावर घेतले, इतकाच होतो.

'सँक्शन' या शब्दाबाबत मात्र खरोखर जपून राहावे. आपल्याकडे कर्ज 'सँक्शन' होते, म्हणजे मंजूर होते. आंतरराष्ट्रीय राजकारणात एखादा देश 'सँक्शन' केला जातो, म्हणजे त्याच्यावर निर्बंध लादले जातात. एकाच क्रियापदाचे हे दोन जवळजवळ उलट अर्थ आहेत आणि कोणता घ्यायचा ते कर्मावरून ठरते: कृती किंवा योजना 'सँक्शन' झाली तर बहुधा मंजुरी, देश, कंपनी किंवा व्यक्ती 'सँक्शन' झाली तर निर्बंध. लिहिताना संदिग्धता राहण्याची शक्यता दिसली, तर 'इम्पोज सँक्शन्स ऑन' असे उघड लिहावे.

नाम वापरायचे झाले तर

'शिक्षा करणे'चे 'डू पनिश्मेंट' होत नाही. 'गिव्ह पनिश्मेंट' ऐकू येते आणि ते अगदीच अशुद्ध नाही, पण जिथे 'पनिश' या एका शब्दात काम होते तिथे ते उगाच जड वाटते. नाम हवेच असेल तर त्याच्या जोडीची क्रियापदे ठरलेली आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेतील आठवी दुरुस्ती 1791 मध्ये अमलात आली, आणि तिच्या एकाच वाक्यात जामीन, दंड आणि शिक्षा या तिघांसाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत: जास्तीचा जामीन 'रिक्वायर्ड' नसावा, जास्तीचे दंड 'इम्पोज्ड' नसावेत, क्रूर आणि विपरीत शिक्षा 'इन्फ्लिक्टेड' नसाव्यात. जामीन मागितला जातो, दंड लादला जातो, शिक्षा मात्र शरीरावर आणि मनावर आघात म्हणून उतरते; 'इन्फ्लिक्ट'मध्ये तो आघात आहे. आजच्या इंग्रजीत 'इम्पोज अ पनिश्मेंट'ही सर्रास चालते आणि त्यात भावनेपेक्षा अधिकार अधिक दिसतो. ज्याला शिक्षा होते त्याच्या बाजूने 'रिसीव्ह', 'डिझर्व्ह', 'एस्केप' ही क्रियापदे येतात. 'कॅपिटल पनिश्मेंट' म्हणजे देहदंड आणि 'कॉर्पोरल पनिश्मेंट' म्हणजे शारीरिक शिक्षा, या दोन्ही संज्ञांपूर्वी सर्वसाधारण अर्थाने 'अ' किंवा 'द' लागत नाही.

शिक्षा न होण्यासाठीही शब्द हवेत. गुन्हेगार मोकाट सुटला तर 'द क्राइम वेंट अनपनिश्ड', आणि कोणी सहीसलामत निसटला तर 'ही गॉट अवे विथ इट'. पहिले लिहिण्यात, दुसरे बोलण्यात.

अपराधाशिवायची शिक्षा

लाक्षणिक अर्थाने 'पनिश' फार दूरवर जाते, आणि इथे त्याचे भाषांतर 'शिक्षा' या शब्दाने केले की मराठी वाक्य हटकून पडते. फलंदाजाने प्रत्येक सैल चेंडू 'पनिश' केला, याचे मराठी 'सैल चेंडूंचा खरपूस समाचार घेतला' असे आहे. मतदारांनी सत्ताधारी पक्षाला 'पनिश' केले, म्हणजे त्यांनी त्याला धडा शिकवला. बचावफळीच्या चुकीला प्रतिस्पर्ध्याने 'पनिश' केले, म्हणजे त्या चुकीची किंमत गोलाने मोजावी लागली. इंजिन 'पनिश' केले म्हणजे इंजिनाचे हाल केले. त्यावर ताकदीबाहेर भार टाकला. 'डोंट पनिश युवरसेल्फ' म्हणजे स्वतःला इतके छळून घेऊ नकोस. या शेवटच्या प्रयोगात शिक्षा करणारा आणि भोगणारा एकच आहे, आणि म्हणूनच दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना इंग्रजीत तो पुष्कळ येतो.

'पनिशिंग' हे विशेषण याच वाटेवरचे. 'अ पनिशिंग शेड्यूल' म्हणजे पिळून काढणारे वेळापत्रक. त्यात कोणी कोणाला शिक्षा करत नाही. याच्याशी 'प्यूनिटिव्ह' या विशेषणाची गल्लत करू नये. 'प्यूनिटिव्ह' म्हणजे शिक्षेच्या हेतूने केलेले, जसे 'प्यूनिटिव्ह डॅमेजेस', अर्थात नुकसानभरपाईच्या पलीकडे, अद्दल घडावी म्हणून देववलेली रक्कम. पहिल्यात दमणूक आहे, दुसऱ्यात हेतू. आणि आपण होऊन कष्ट ओढवून घेणाऱ्याला इंग्रजीत 'अ ग्लटन फॉर पनिश्मेंट' म्हणतात, बहुधा कौतुकमिश्रित सहानुभूतीने.

शब्दाचे वजन

शब्द व्याकरणात बसला म्हणून प्रसंगात बसतोच असे नाही. 'पनिश' हा वरून खाली येणारा शब्द आहे. पालक मुलाला, राज्य नागरिकाला, असे त्याचे स्वाभाविक उतरंडीचे नाते आहे, आणि जिथे दोन प्रौढ माणसे करार करून एकत्र काम करत आहेत, तिथे तो खटकतो. 'लेट कमर्स विल बी पनिश्ड' अशी सूचना कार्यालयाच्या फलकावर लावली, तर तिच्यात काही व्याकरणदोष नाही, पण वाचणाऱ्याला ती अपमानास्पद वाटेल. त्या जागी 'डिसिप्लिनरी अॅक्शन विल बी टेकन' किंवा काय होणार ते स्पष्ट सांगणारे वाक्य लिहावे, जसे उशिराचा वेळ पगारातून वजा होईल. ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात विलंबाच्या आकाराला 'अ लेट फी' किंवा 'अ पेनल्टी' म्हणतात. ग्राहकाला 'पनिश' करणारा व्यवसाय कोणी पत्करणार नाही. मुलांच्या बाबतीतही, एखादी सवलत तात्पुरती काढून घेणे आणि शिक्षा करणे यांत जे पालक फरक मानतात, ते इंग्रजीत 'कॉन्सिक्वेन्स' हा शब्द जाणीवपूर्वक वापरतात. तो फरक लिहिणाऱ्याला मान्य असो वा नसो, त्यांचे म्हणणे इंग्रजीत मांडताना तो शब्द बदलू नये.

एक वाक्य शेवटपर्यंत नेऊन पाहू. मराठी बातमी अशी आहे: 'चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या तरुणाला न्यायालयाने दोन वर्षे तुरुंगवासाची आणि दंडाची शिक्षा सुनावली; दंड न भरल्यास त्याला आणखी तीन महिने शिक्षा भोगावी लागेल.' यात 'शिक्षा' दोनदा आली आहे. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू: इथे 'का' मुख्य आहे की 'किती'? कारण 'दोषी ठरलेल्या' या विशेषणातच उरकले आहे आणि सगळा भर मापावर आहे. म्हणून 'दोषी ठरणे' यासाठी 'कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट' घ्यावे. तुरुंगवासासाठी 'सेंटेन्स्ड टु टू इयर्स इन प्रिझन'. दंड हा मराठीत शिक्षेच्या पोटात बसला असला तरी इंग्रजीत त्याला स्वतःचे क्रियापद आहे, म्हणून 'अँड फाइन्ड हिम'. उत्तरार्धात शिक्षा करणारे कोणी नाही, भोगणारा आहे, म्हणून 'सर्व्ह'. सगळे जुळवल्यावर वाक्य होते: 'द कोर्ट सेंटेन्स्ड द यंग मॅन, हू हॅड बीन कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट, टु टू इयर्स इन प्रिझन अँड फाइन्ड हिम; इफ ही फेल्स टु पे, ही विल सर्व्ह अ फर्दर थ्री मंथ्स.' 'पनिश' एकदाही आले नाही. हीच बातमी वाचून शेजारच्या मुलाला 'त्या माणसाला चोरी केल्याबद्दल शिक्षा झाली' असे सांगायचे असेल, तेव्हा मात्र दुसरे कोणतेही क्रियापद शोधू नये: 'दॅट मॅन वॉज पनिश्ड फॉर स्टीलिंग.'